तेरच्या मण्यांचा राखणदार : रामलिंगप्पा लामतुरे

पावसाळा सरत आला की तेरच्या पांढरीवर मणी वर येतात. मराठवाड्यातील गावगाड्यात जमिनीचे दोन भाग मानले जातात. काळीत पीक घ्यायचे आणि पांढरीत वस्ती करायची. धाराशिव जिल्ह्यातील तेरची पांढर मात्र साधी नाही. तेरणा नदीच्या काठावरील या टेकाडांच्या पोटात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे एक नांदते नगर गाडले गेले आहे. पावसाने वरची माती धुऊन नेली की खापरांच्या तुकड्यांमध्ये एखादा तांबूस, मधाळ किंवा पांढऱ्या पट्ट्यांचा मणी उन्हात चमकून जातो. अशा गावांतून सापडणारा हा ऐवज एरवी हातोहाती फिरतो, विकला जातो, मुलांच्या खेळात हरवतो. तेरच्या बाबतीत त्याचा मोठा भाग गावातच राहिला. याचे श्रेय गावातीलच एका माणसाला जाते. त्यांचे नाव रामलिंगप्पा लामतुरे.

तेरचे शासकीय पुराणवस्तुसंग्रहालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. संत गोरोबाकाकांच्या दर्शनासाठी तेरला येणारे भाविक अनेकदा या संग्रहालयातही डोकावतात. आत मांडलेल्या मूर्ती, नाणी, दिवे आणि मणी पाहून चकित होतात. मात्र, ज्यांनी आयुष्यभर वेचून हे सारे जमा केले, त्या लामतुरे यांच्याविषयी फारसे बोलले जात नाही.

तगर नावाचे नगर

लामतुरे यांच्या कार्याचे मोल कळण्यासाठी तेरचे मोल आधी कळायला हवे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी प्रवासवर्णनात दख्खनमधील दोन बाजारपेठांचा उल्लेख येतो. एक पैठण आणि दुसरी तगर. पैठणहून मोठ्या प्रमाणात गोमेदासारखे पट्टेदार दगड आणि तगरहून तऱ्हेतऱ्हेचे कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदरात जात असे, असे त्यात नमूद आहे. तगर पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचेही त्यात म्हटले आहे. शिलाहार राजे तर पुढे कित्येक शतके स्वतःला तगर नगरीचे अधिपती म्हणवून घेत राहिले.

हे तगर नेमके कोठे होते, यावर एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. कोणी दौलताबादकडे बोट दाखवले, कोणी जुन्नरकडे, तर कोणी धारूरकडे. अखेर १९०१ मध्ये जॉन फेथफुल फ्लीट या शिलालेखतज्ज्ञाने तगर म्हणजेच तेर, असे प्रतिपादन केले आणि तेच पुढे सर्वमान्य झाले. भारतीय पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनीही तेरला भेट देऊन येथील विटांच्या प्राचीन चैत्याची पाहणी केली. हाच चैत्य आज त्रिविक्रमाचे मंदिर म्हणून ओळखला जातो.

त्या काळी हा भाग हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. संस्थानात १९१४ पासून पुरातत्त्व खाते होते. पण अजिंठा-वेरूळच्या जतनाचे मोठे काम त्याच्या अंगावर होते. तेरची टेकाडे उघडीच राहिली. दर पावसाळ्यात त्यांतून काही ना काही वर येत राहिले आणि नाहीसेही होत राहिले.

दुकानदारीपलीकडचा छंद

या उघड्या टेकाडांना राखणदार मिळाला तो लामतुरे यांच्या रूपाने. रामलिंगप्पा पेशाने व्यापारी. पुरातत्त्वाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. व्यापाऱ्याची पारखी नजर मात्र होती. गावच्या शेतांतून, टेकाडांच्या उतारांवरून आणि नदीच्या काठावरून मिळणाऱ्या वस्तू ते जमवू लागले. यात नाणी होती. पांढऱ्या केओलिन मातीच्या, साच्यातून काढलेल्या सुबक मूर्ती होत्या. रोमन नाण्यांची नक्कल करून बनवलेली मातीची पदके, शंखाच्या बांगड्या, दिवे आणि खेळणीही होती. आणि सर्वांत विपुल होते ते मणी.

नाणे सोन्याचे नसले तरी त्यावरील अक्षरांमुळे कोणीही ते जपून ठेवतो. मूर्तीला लोक देव समजून हात जोडतात. दाण्याएवढ्या दगडी मण्याला मात्र ना अक्षर असते, ना चेहरा. तो खिशात मावतो आणि खिशातूनच हरवतो. लामतुरे यांनी असे बारके मणीही मूर्तींच्या बरोबरीने सांभाळले. त्यांच्या संग्रहाचे खरे वेगळेपण यातच आहे.

हळूहळू या संग्रहाची वार्ता अभ्यासकांपर्यंत पोहोचली. ब्रिटिश म्युझियममधील कला अभ्यासक डग्लस बॅरेट यांनी १९६० मध्ये तेरवर एक स्वतंत्र पुस्तिका मुंबईतून प्रसिद्ध केली. तिने तेरच्या वस्तूंकडे जगभरच्या अभ्यासकांचे लक्ष वेधले. तेरच्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची तर विशेष चर्चा झाली. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतील पाँपेई शहरात १९३८ साली अशाच धाटणीची भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली होती. जालना जिल्ह्यातील भोकरदन येथेही तिच्याशी नाते सांगणारी मूर्ती मिळाली. तेर, भोकरदन आणि पाँपेई यांना जोडणारा हा धागा पुढे आला, कारण तेरची मूर्ती कोणाच्या परदेशी दिवाणखान्यात न जाता तेरमध्येच राहिली होती.

मणी कसा घडत असे?

लामतुरे यांनी जमवलेल्या मण्यांकडे पाहताना पहिला प्रश्न मनात येतो तो असा, की यंत्रे नसताना इतक्या कठीण दगडाला अशी झिलई आली कशी? अकीक, तांबूस कार्नेलियन आणि स्फटिक हे सारे सिलिकेचे दगड. लोखंडी सुरीने त्यांच्यावर ओरखडाही उठत नाही. दख्खनच्या काळ्या कातळात लाव्हारस थंड होताना राहिलेल्या पोकळ्यांत सिलिकायुक्त पाणी झिरपून हे दगड तयार झाले. म्हणजे कच्चा माल आपल्याच भूमीतला होता.

तो घडवण्याची रीत गुजरातेतील खंभात येथील कारागिरांनी आधुनिक काळापर्यंत जपली आणि अभ्यासकांनी तिची बारकाईने नोंद केली आहे. आधी दगड उन्हात वाळवायचा. मग मातीच्या भांड्यात ठेवून गोवऱ्यांच्या मंद आचेवर भाजायचा. त्याने दगडातील लोहाचा अंश लाल होतो आणि मातकट खडा कार्नेलियनसारखा तांबडा दिसू लागतो. शिवाय भाजलेला दगड छिलण्यासही सोपा जातो. त्यानंतर जमिनीत तिरप्या रोवलेल्या टोकदार लोखंडी सळईवर तो टेकवून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलके ठोके द्यायचे. ठोका वरून बसतो, पण कपचा उडतो तो सळईच्या टोकाशी. अशा नेमक्या ठोक्यांनी मण्याचा ओबडधोबड आकार निघतो.

पुढचे काम घासण्याचे. पूर्वी ते खरबरीत वालुकाश्मावर होई. नंतरच्या काळात लाखेत कुरुंदाची पूड मिसळून केलेली सहाण वापरात आली. मग भोक पाडायचे. कमानीने फिरणाऱ्या गिरमिटाच्या टोकाला हिरकणी बसवायची आणि पाण्याची धार सोडत मणी दोन्ही बाजूंनी कोरायचा. इसवी सनाच्या प्रारंभाच्या सुमारास भारतात हिरकणीचे गिरमिट वापरात होते, हे तत्कालीन मण्यांच्या छिद्रांच्या सूक्ष्म निरीक्षणावरून दिसून आले आहे. दोन्ही बाजूंनी आलेली भोके मधोमध जुळली नाहीत तर सारी मेहनत वाया. शेवटी शेकडो मणी, पाणी आणि अकिकाची पूड कातडी पिशवीत भरून दोन माणसांनी ती दहा-पंधरा दिवस मागेपुढे लोळवायची. मण्यांवर मणी घासून जी चकाकी येते, ती दोन हजार वर्षे मातीत राहूनही उतरत नाही.

काही कार्नेलियन मण्यांवर पांढरी नक्षी असते. ती क्षारयुक्त लेपाने रेखून मणी पुन्हा भाजला की कायमची उमटते. अशा नक्षीदार मण्यांवर मोरेश्वर गंगाधर दीक्षित या मराठी पुरातत्त्वज्ञाने १९४९ मध्येच स्वतंत्र ग्रंथ लिहून या विषयाला भारतात भक्कम पाया घालून दिला.

अकिकाचा नाजूक भाऊ

रत्नांच्या बाजारात आज ज्याला ओपल म्हणतात, तो याच कुळातील. त्याचे नाव मूळ संस्कृत ‘उपल’ म्हणजे दगड या शब्दावरून आले, असे अनेक कोशकार मानतात. रोमन लेखक प्लिनीने तर हे रत्न भारतातून येते असे लिहून ठेवले. रोमनांपर्यंत पोहोचणारे ओपल बहुधा आजच्या स्लोव्हाकियातील खाणींतले असावेत, असे आधुनिक अभ्यासक मानतात. दूरवरून येणाऱ्या प्रत्येक मौल्यवान वस्तूला भारताचे नाव चिकटावे, इतका तगर-भडोचच्या व्यापाराचा दबदबा होता, असे मात्र यावरून म्हणता येईल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ऑस्ट्रेलियाने या रत्नाची बाजारपेठ काबीज केली.

अकीक आणि ओपल दोन्ही सिलिकेचेच. तरी ओपलमध्ये पाण्याचा अंश असतो आणि तो अकिकाहून मऊही असतो. अकीक भाजला की त्याचा रंग खुलतो, तर ओपल तापला की तडकतो. म्हणून ओपलचे कारागीर उष्णतेला शत्रू मानतात. पाण्याच्या धारेखाली हिऱ्याच्या पात्याने तो कापायचा, काडीच्या टोकाला लाखेने किंवा मेणाने चिकटवायचा, बारीक होत जाणाऱ्या हिरकपुडीच्या चाकांवर घुमटाकार घासायचा आणि अखेरीस नमद्यावर किंवा कातड्यावर सेरियम ऑक्साइडने त्याला झिलई द्यायची. रंगांचा थर अनेकदा कागदासारखा पातळ असतो. हात एक क्षण जास्त रेंगाळला तर रंगच घासून जातो. अवजारे बदलली, वीज आली, पण पाणी, पूड आणि हाताचा अंदाज ही त्रयी तेरच्या प्राचीन मणिकारांपासून आजच्या रत्नकारागिरापर्यंत तीच राहिली आहे.

संग्रहाचे मोल आणि मर्यादा

तेरमध्ये शास्त्रशुद्ध उत्खननेही झाली. बी. एन. चापेकर यांचा उत्खनन अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढील दशकांतही येथे खोदकामे होत राहिली. त्यांतून सातवाहन काळातील समृद्ध वस्तीचे चित्र अधिक स्पष्ट झाले.

येथेच लामतुरे यांच्या संग्रहाची एक मर्यादाही मान्य करावी लागते. उत्खननात सापडलेल्या मण्याचा थर माहीत असतो. त्यावरून काळ ठरवता येतो. पृष्ठभागावर वेचलेल्या मण्याला हा जन्मदाखला नसतो. तो कोणत्या शतकातला, कोणाच्या घरातला, हे निश्चित सांगता येत नाही. कडक शास्त्रीय दृष्टीने पाहिले तर जमिनीवरची वस्तू नोंद न करता उचलणे योग्य नव्हे.

पण दुसरा पर्याय काय होता? या वस्तू कोणी उचलल्या नसत्या तर त्या जागच्या जागी राहिल्या नसत्या. नांगराखाली चुरल्या असत्या, पुरात वाहून गेल्या असत्या किंवा व्यापाऱ्यांमार्फत दूरच्या बाजारात पोहोचल्या असत्या. आणि बाजारात गेलेला मणी नुसताच सुंदर दगड उरतो. लामतुरे यांनी थराची नोंद ठेवली नसेल, पण गावाची नोंद राखली. या वस्तू तेरच्या आहेत, एवढे एक सत्य त्यांनी पुसू दिले नाही. उत्खननांच्या आधारे पुढे ज्या तुलना झाल्या, त्यांना या एका सत्यामुळेच अर्थ आला.

स्वतः व्यापारी असूनही हा संग्रह त्यांनी विक्रीचा माल होऊ दिला नाही, ही गोष्ट आज अधिक ठळकपणे जाणवते. पुढे हा ठेवा शासनाकडे आला आणि त्यातून राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाचे तेर येथील संग्रहालय आकाराला आले. मुंबई-पुण्याच्या मोठ्या संग्रहालयांत तेरच्या वस्तूंनी नक्कीच शोभा आणली असती. पण ज्या पांढरीतून त्या निघाल्या, तिच्या शेजारी त्या पाहण्याचा अनुभव वेगळाच आहे. संग्रहालयातून बाहेर पडून टेकाडांवर गेलेल्या शाळकरी मुलाला आपण कशावर उभे आहोत, हे तेथेच उमगते.

तेरचा मणिकार कोण होता, त्याचे नाव काय, हे कोणत्याच शिलालेखात नाही. त्याची ओळख त्याच्या झिलईत उरली आहे. ती झिलई आपल्यापर्यंत पोहोचवणाऱ्या रामलिंगप्पा लामतुरे यांचे नाव मात्र संग्रहालयाच्या दारावर आहे. आजही पावसानंतर तेरच्या पांढरीवर मणी वर येतात. ते दिसले तर खिशात न घालता संग्रहालयात नेऊन द्यावेत आणि कोठे सापडले तेही नोंदवावे. लामतुरे यांचे काम पुढे नेण्याचा मार्ग यापेक्षा वेगळा नाही.