खेचरांच्या पाठीवर परत आलेले ग्रंथ : महापंडित राहुल सांकृत्यायन

आपल्या विहाराच्या कपाटात मज्झिमनिकायाचा हिंदी अनुवाद आहे. पुठ्ठा सुटलेला, पाने पिवळी पडलेली. वर्षावासात भन्तेजी तो उघडतात आणि आपण ऐकतो. पण पहिल्या पानावर ज्यांचे नाव छापले आहे ते राहुल सांकृत्यायन कोण, असे तरुण मुलांनी विचारले की आपण एवढेच सांगतो, ते फार मोठे पंडित होते. पंडित ते होतेच. पण मला वाटतं, त्यांच्या विद्वत्तेच्या आधी त्यांच्या पायांबद्दल बोलायला हवं. हा माणूस चालला नसता तर धर्मकीर्तीसारख्या आचार्याचा मूळ संस्कृत ग्रंथ कोणत्या विहारात धूळ खात पडला आहे, हे कळायला आणखी किती वर्षे गेली असती कुणास ठाऊक.

९ एप्रिल १८९३ रोजी आझमगढ जिल्ह्यातल्या पंदहा गावी, आजोळी, त्यांचा जन्म झाला. नाव केदारनाथ पांडे. ब्राह्मण घर, पण श्रीमंती नाही. आईचे वडील फौजेत शिपाई होते आणि त्यांची बरीच वर्षे दख्खनमध्ये गेली होती. संध्याकाळी ते नातवाला तिकडच्या डोंगरांच्या आणि जंगलांच्या गोष्टी सांगायचे. आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या त्या मुलखाने पोराच्या पायाला चाक लावले, ते शेवटपर्यंत निघाले नाही. अकराव्या-बाराव्या वर्षी घरच्यांनी लग्न लावून दिले. ते लग्न त्यांनी कधी मानले नाही आणि ते घरातून निघून गेले. ती मुलगी मात्र सासरी, कनैल्यात, राहिली. पुढे पन्नाशी पुरी होईपर्यंत आझमगढ जिल्ह्यात पाऊल टाकायचे नाही, अशी प्रतिज्ञा त्यांनी केली आणि १९४३ पर्यंत पाळली. लोक ह्या प्रतिज्ञेचे कौतुक करतात. मला त्या मुलीची आठवण येते, तीही इथे नोंदवून ठेवतो.

मधली वर्षे मी भरभर सांगतो. बिहारमधल्या परसा मठात ते वैष्णव साधू झाले, तिथे नाव पडले रामउदार दास. मग मूर्तिपूजेवरचा विश्वास उडाला आणि आर्यसमाजाचा अभ्यास झाला. असहकाराच्या चळवळीत बक्सर आणि हजारीबागचे तुरुंग झाले. १९२६ मध्ये लडाख पाहिले आणि उंच प्रदेशातला बौद्ध देश पहिल्यांदा डोळ्यांखाली घातला. १९२७ मध्ये श्रीलंकेतल्या विद्यालंकार परिवेणात संस्कृत शिकवायला गेले, आणि शिकवता शिकवता स्वतः पाली शिकले. तिपिटक आणि अट्ठकथा वाचून त्रिपिटकाचार्य झाले. आपले भदन्त आनंद कौसल्यायन त्याच विद्यालंकारात होते. पुढे दीक्षाभूमीवर राहिलेले, बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हिंदीत नेणारे आणि १९८८ मध्ये नागपुरातच गेलेले भदन्तजी! नागपूरकडच्या जुन्या उपासकांनी त्यांना जवळून पाहिले आहे. राहुलजींची आणि त्यांची जोडी तेव्हापासूनची.

श्रीलंकेत एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. पाली साहित्य तिथे सुरक्षित होते. पण असंग, वसुबंधू, दिङ्नाग, धर्मकीर्ती ह्या भारतातल्या आचार्यांचे कितीतरी संस्कृत ग्रंथ ना श्रीलंकेत होते ना भारतात. नालंदा-विक्रमशिला उद्ध्वस्त झाल्यावर ते आपल्याकडून पुसले गेले होते. राहिले होते ते तिबेटी अनुवाद. मग मूळ पोथ्याही तिकडेच असतील का? विक्रमशिलेचे अखेरचे आचार्य शाक्यश्रीभद्र तेराव्या शतकाच्या आरंभी तिबेटात गेले, त्यांच्याबरोबर पंडित विभूतिचंद्रही गेले. त्यांच्या सामानात पोथ्या असणारच. त्या ज्या वाटांनी वर चढल्या त्या वाटा व्यापाऱ्यांच्या होत्या. खाली येताना मीठ आणि लोकर, वर जाताना तांदूळ आणि कापड. विद्या ह्याच ओझ्यांबरोबर गेली.

पण जायचे कसे? तिबेटची दारे परक्यांना बंद होती. इंग्रज सरकार सहजासहजी परवाना देत नसे आणि तिबेटी अधिकाऱ्यांना प्रत्येक हिंदी माणसात हेर दिसे. त्याला कारणही घडले होते. १८८१-८२ मध्ये शरच्चंद्र दास गुपचूप तिबेटात फिरून आले. ते इंग्रजांसाठी माहिती गोळा करीत होते हे उघड झाल्यावर, त्यांना आसरा देणाऱ्या सेङ्छेन लामांना नदीत बुडवून मारण्यात आले. दास सुखरूप घरी होते. वेष पालटून जाण्याची किंमत अशी दुसऱ्याला मोजावी लागते.

१९२९ ची महाशिवरात्र. त्या जत्रेपुरती नेपाळात शिरायला मोकळीक मिळत असे. राहुलजी पशुपतीच्या यात्रेकरूंत मिसळून काठमांडूला पोचले. (आपल्या गोव्याचे धर्मानंद कोसंबीही १९०२ मध्ये धम्माच्या शोधात नेपाळात गेले होते आणि निराश होऊन परतले होते.) जत्रा संपली, यात्रेकरू परतले, हे मात्र लपून राहिले. भोटिया लोकांचा लांब अंगरखा चढवला, अंगावर मळ साचू दिला आणि एका लामांच्या मंडळींबरोबर कुतीच्या वाटेला लागले. वय छत्तीस, खिशात पैसा जेमतेम, तिबेटी भाषा अजून कच्ची.

नेपाळहून तिबेटात जाणारी ही मोठी व्यापारी वाट. पूर्वी ह्याच वाटेवरून फौजाही गेल्या, म्हणून जागोजाग चिनी ठाणी बांधलेली होती. राहुलजी गेले तेव्हा त्यांतली कित्येक ओस होती आणि काहींत शेतकऱ्यांनी बिऱ्हाडे थाटली होती. पुढे त्यांना सुमति नावाचे मंगोल भिक्षू सोबती मिळाले. मोठा वल्ली माणूस! बोधगयेहून आणलेल्या कापडाच्या चिंध्यांना गाठी मारून ते गंडे करायचे आणि गावोगावच्या यजमानांना वाटायचे. बोधगयेचे कापड संपले की कुठल्याही कापडाचे गंडे व्हायचे. राहुलजींना हे कळत होते, पण सुमतींच्या ओळखीवरच रात्रीचा निवारा मिळत होता.

वाटेवरच्या घरांविषयी त्यांनी जे नोंदवले ते आपण मुद्दाम वाचावे. कोणीही अनोळखी वाटसरू थेट घरात जावा, चहाची पत्ती घरच्या बाईच्या हाती द्यावी आणि तिने लोणी-मीठ घालून लाकडी नळकांड्यात घुसळून चहा करून द्यावा. बाईला पडदा नाही, वाटसरूला जात विचारणे नाही, विटाळ नाही. फक्त अगदी कंगाल भिकाऱ्यांना चोरीच्या भीतीने आत घेत नसत, हेही त्यांनी लपवले नाही. ब्राह्मणाच्या घरात वाढलेल्या माणसाने हे पाहिले आणि लिहून ठेवले. त्याबरोबर हेही लिहिले की जमीन जहागीरदारांच्या आणि विहारांच्या हातात आहे आणि कुळांना वेठ करावी लागते. धम्माचा देश म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले नाहीत.

ह्या वाटेवरची सर्वांत अवघड जागा म्हणजे थोङलाची खिंड. सोळा-सतरा हजार फूट उंची, दोन्ही बाजूंना कित्येक मैल वस्ती नाही. दरोडेखोरांना ह्याहून सोयीची जागा कुठली! तिथे वाटसरूला आधी ठार करीत आणि मग त्याच्या अंगावर काही आहे का ते बघत, असा लौकिक होता. हे दोघे भिकाऱ्याच्या वेषात. संशयित माणूस दिसला की टोपी काढायची, जीभ बाहेर काढायची आणि पैसा मागायचा! चढ मोठा, पाठीवर ओझे, म्हणून त्यांनी घोडी केली. माथ्यावरून दक्षिणेकडे बर्फाच्या शिखरांची रांग दिसत होती आणि उत्तरेकडे उघडेबोडके डोंगर. उतारावर राहुलजींचे घोडे मागे रेंगाळले. पुढे वाटेला दोन फाटे होते, त्यांनी चुकीचा धरला आणि मैल-दीड मैल गेल्यावर एका घरी विचारून परत फिरले. लङकोरला पोचेपर्यंत सुमतींच्या रागाचा पारा चढलेला. वाट पाहून त्यांनी दोन टोपल्या गोवऱ्या जाळल्या होत्या आणि चहा तीनदा तापवला होता. पण राग जसा चढला तसा उतरला.

पुढे शेकरच्या एका विहारात कंजूरच्या, म्हणजे बुद्धवचनाच्या तिबेटी अनुवादाच्या, एकशे तीन हस्तलिखित पोथ्या होत्या. जाड कागद, ठसठशीत अक्षर, एकेक पोथी पंधरा शेरांच्या आसपास. राहुलजींनी तिथेच बैठक मारली. सुमतींना यजमानांकडे जायचे होते, जा म्हणाले. इतके दिवस सुमतींना गावोगाव फिरण्यापासून अडवणारा माणूस पोथ्या दिसल्यावर सगळे विसरला.

शिगर्चे, ग्यांचे करीत १९ जुलै १९२९ रोजी ते ल्हासाला पोचले. तिथे आसरा मिळाला तो धर्ममान साहू ह्या नेवार व्यापाऱ्याच्या कोठीत. काठमांडूचे नेवार कित्येक पिढ्या ल्हासात दुकाने थाटून होते आणि १८५६ च्या नेपाळ-तिबेट तहाने त्यांना त्याचा हक्कही मिळाला होता. ह्या बौद्ध व्यापाऱ्यांनी राहुलजींना अन्न, जागा आणि उसनवारी दिली. ल्हासात मात्र त्यांनी वेष टाकला आणि दलाई लामांकडे अर्ज करून आपण हिंदी आहोत हे उघड केले. लपून राहिलो तर आसरा देणाऱ्याच्या गळ्याला फास लागेल, हे ते जाणत होते. माझ्या मते त्यांच्या साऱ्या प्रवासातली खरी धैर्याची गोष्ट ही. थोङलाचा नंबर त्यानंतर.

त्यांना तीन वर्षे राहून शिकायचे होते. पण पैसा नव्हता आणि नेपाळ-तिबेट युद्धाची हूल उठली होती. शेवटी श्रीलंकेतल्या मंडळींनी ग्रंथखरेदीसाठी पैसे पाठवले. कंजूर-तंजूरचे संच, इतर ग्रंथ, थांका म्हणजे कापडावरची चित्रे, सगळे बांधले. एप्रिल १९३० मध्ये ल्हासा सोडले आणि शिगर्चे, ग्यांचे, फारी ह्या वाटेने खेचरांचा तांडा कालिंपोङला उतरला. ही लोकरीची वाट. तिच्यावरून रोज खेचरे यायची, त्यांच्या पाठीवर लोकरीचे गठ्ठे असायचे. ह्या वेळी ग्रंथ होते. पुढे ह्या ठेव्यातला मोठा भाग पाटण्याला आला. २२ जून १९३० रोजी विद्यालंकारात धम्मानंद नायक महास्थविरांकडून त्यांना दीक्षा मिळाली आणि रामउदारचे राहुल झाले. सांकृत्यायन हे गोत्रावरून.

त्यानंतर १९३४, १९३६ आणि १९३८ अशा आणखी तीन खेपा. १९३४ मध्ये गेदुन छोम्फेल हे विद्वान, बंडखोर तिबेटी भिक्षू त्यांच्याबरोबर होते. विहारांची कुलुपे केवळ पत्रांनी उघडत नाहीत. तिथली भाषा आणि तिथली माणसे जाणणारा कोणीतरी लागतो. पुढे १९४६ मध्ये ल्हासाच्या सरकारने गेदुन छोम्फेलांना तुरुंगात टाकले आणि १९५१ मध्ये ते गेले. राहुलजींच्या चरित्रांत त्यांना दोन ओळी मिळतात, हे काही बरोबर नाही.

१९३६ च्या मे महिन्यात साक्य विहारातले एक जुने ग्रंथालय त्यांच्यासाठी उघडले गेले. जमिनीवर धुळीचा थर, फळ्यांवर पोथ्यांच्या चवडी. त्यांत ताडपत्रावर प्रज्ञाकरगुप्ताचे भाष्य निघाले, धर्मकीर्तीच्या प्रमाणवार्तिकावरचे. ज्याचे मूळ संस्कृत हरवले असे सर्वांनी धरले होते तेच! ङोर विहारात वसुबंधूचे अभिधर्मकोशभाष्य मिळाले. असंगाची योगाचारभूमीही ह्याच शोधात हाती लागली. ह्या पोथ्या त्यांनी उचलून आणल्या नाहीत, आणता आल्याही नसत्या. विहारांनी सातशे वर्षे जपलेल्या वस्तू त्या. मग काय करायचे? दिवा लावून हाताने नक्कल करायची, जमेल तेव्हा छायाचित्र घ्यायचे. थंडीत बोटे वळत नाहीत, काचा फुटतात, आणि कित्येक छायाचित्रे तर अंधुकच आली. विद्वान आजही ती डोळ्यांवर ताण देत वाचतात. पण पोथ्यांच्या याद्या बिहार-ओरिसा संशोधन सोसायटीच्या नियतकालिकात १९३५ पासून छापून आल्या आणि काशीप्रसाद जायसवालांसारखा पाठीराखा १९३७ मध्ये जाईपर्यंत पाठीशी उभा राहिला. प्रमाणवार्तिक १९३८ मध्ये छापले गेले, प्रज्ञाकरगुप्ताचे भाष्य १९५३ मध्ये. अभिधर्मकोशभाष्य प्रल्हाद प्रधानांनी संपादिले आणि ते १९६७ मध्ये, राहुलजींच्या मागे, आले. मधल्या काळात, १९६० च्या दशकात, तिबेटातले कित्येक विहार ग्रंथांसकट जमीनदोस्त झाले होते.

आता एक अडचणीची गोष्ट. चौथ्या प्रवासाच्या सुमारास राहुलजींनी चीवर सोडले. रशियात संसार केला, मुलगा झाला; पुढे हिंदुस्थानात पुन्हा लग्न केले. ते मार्क्सवादी झाले. १९३९ मध्ये बिहारच्या अमवारीत शेतकऱ्यांच्या सत्याग्रहात डोक्यावर लाठी खाल्ली आणि तुरुंगात गेले. मग १९४७ मध्ये मुंबईच्या हिंदी साहित्य संमेलनातल्या अध्यक्षीय भाषणावरून पक्षाशीही बिनसले. चीवर सोडलेल्या माणसाचा लेख विहाराच्या स्मरणिकेत कशाला, असे आपल्यातलेच एक ज्येष्ठ उपासक मला म्हणाले. मी त्यांना कपाटातला मज्झिमनिकाय दाखवला. दीघनिकाय आणि विनयपिटकही त्यांच्याच हातचे, दीघनिकायात भिक्षू जगदीश काश्यप जोडीला. ते काही बोलले नाहीत, पण त्यांना पटले असेही मी म्हणणार नाही.

१९५९ मध्ये ते पुन्हा विद्यालंकारात शिकवायला गेले. मधुमेहाने शरीर पोखरले होते. १९६१ च्या अखेरीस झटका आला आणि स्मृती गेली. इतक्या भाषा जाणणारा माणूस, त्याला अक्षरे ओळखता येईनात. मॉस्कोला उपचार झाले, गुण आला नाही. १९६३ मध्ये पद्मभूषण मिळाले. त्याच वर्षी १४ एप्रिलला दार्जिलिंगमध्ये त्यांचे निधन झाले. आपल्याकडे त्या दिवशी भीमजयंतीच्या मिरवणुका निघाल्या होत्या. दार्जिलिंगपासून कालिंपोङ हाकेच्या अंतरावर. पण तिथे उतरणारे लोकरीचे तांडे १९६२ मध्येच थांबले होते.