रमाबाई रानडे आणि आपल्या नर्स मुली



परिचारिका दिनाला आपण फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचं नाव घेतो आणि घरी आल्यावर नर्स असलेल्या सुनेला विचारतो, नोकरी लागली ना, मग आता पुन्हा शिकायचं कशाला? इथे बारडोलीत हे पुष्कळदा कानावर येतं. म्हणून रमाबाई रानड्यांविषयी चार ओळी.

१८७३ साली, अकराव्या वर्षी लग्न होऊन त्या रानड्यांच्या घरी आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांनी स्वतः त्यांना शिकवायला घेतलं. आधी मराठी, मग इंग्रजी. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते मुळीच पसंत नव्हतं. टोमणे, अबोला, सगळं झालं. बाईंनी ते सोसलं, पण पुस्तक खाली ठेवलं नाही.

१९०१ मध्ये न्यायमूर्ती वारले. बाईंची चाळिशीही उलटली नव्हती. १९०९ साली त्यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभं राहिलं. गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या सोबतीला होते. शाळा सुटून वर्षं लोटलेल्या बाया, विधवा, तिथे पुन्हा पाटी घेऊन बसल्या. त्यांतल्या काही ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला गेल्या. आपल्या ख्रिस्ती बाया हे काम आधीपासून करत होत्या, पण वरच्या जातींच्या घरांत परक्या रोग्याला हात लावणं म्हणजे विटाळ. अशा घरांची समजूत घालायची होती. मला तर हे रुग्णालय बांधण्यापेक्षा अवघड वाटतं.

त्या बाया का शिकल्या? पगारासाठी, आणि त्यात कमीपणा कसला? स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पडलेल्या विधवेला स्वतःची मिळकत झाली. पण पगाराइतकंच महत्त्वाचं म्हणजे माणसात मान मिळाला, डॉक्टर काय सांगतात ते कळू लागलं. आणि पाठीशी रमाबाई होत्या. त्यांना स्वतःला नवऱ्याने वेळ काढून शिकवलं होतं, तेव्हा हौस असून भागत नाही, घरचं कुणीतरी बाजूने लागतं, हे त्यांना ठाऊक होतं. १९२४ मध्ये त्या गेल्या.

आज जीएनएम झालेल्या मुलीला पुढचं पोस्ट बेसिक बीएस्सी दोन वर्षांचं आहे. माझी पॅरिशमधल्या घरांना विनंती, तिला रात्रपाळीनंतर झोपू द्या. सकाळचा स्वयंपाक सासूबाईंनी बघावा. सासऱ्यांनीही आपलं ताट आपण वाढून घ्यावं. जमतं ते, मी घेतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, बारडोली