मार्चेल्लो मालपीगी

इटली देशातील बोलोन्या शहराजवळ क्रेव्हालकोरे नावाचे गाव आहे. तेथे १० मार्च १६२८ रोजी मार्चेल्लो मालपीगीचा जन्म झाला. हृदयातून निघालेले रक्त शरीरभर फिरून पुन्हा हृदयात येते, हा सिद्धांत विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने त्याच वर्षी ग्रंथरूपाने मांडला. परंतु रोहिण्यांतील रक्त नीलांत कोणत्या वाटेने जाते, हे हार्वेला दाखविता आले नाही. ती वाट शोधण्याचे श्रेय पुढे मालपीगीला मिळावयाचे होते.

१६४९ साली, तो शिकत असतानाच, त्याचे आईवडील निवर्तले. थोरला मुलगा म्हणून धाकट्या भावंडांचा भार त्याच्यावर पडला. काही काळ शिक्षण थांबले. पण त्याने जिद्द सोडली नाही. १६५३ मध्ये तो वैद्यकाचा पदवीधर झाला.

फुप्फुस म्हणजे मांसाचा गोळा, अशी त्या काळी समजूत होती. मालपीगीने मोठ्या प्राण्यांची फुप्फुसे सूक्ष्मदर्शक यंत्राने तपासली. ती असंख्य चिमुकल्या, पातळ भिंतींच्या वायुकोशांची बनलेली आहेत, असे त्याला आढळले. मात्र रक्ताची वाट काही केल्या दिसेना. तेव्हा तो बेडकाकडे वळला. बेडकाचे फुप्फुस पातळ व पारदर्शक असते. त्यात त्याला केसाहूनही बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे दिसले. रक्त वायुकोशांत सांडत नव्हते. त्या केशवाहिन्यांतूनच ते रोहिणीतून नीलेत जात होते! १६६१ साली त्याने हा शोध प्रसिद्ध केला. हार्वे मात्र चार वर्षांपूर्वीच मरण पावला होता.

जुन्या मताच्या पंडितांनी मालपीगीला कडाडून विरोध केला. असल्या सूक्ष्म निरीक्षणाचा रोग्यांना काय उपयोग, असे ते विचारीत. १६८४ मध्ये त्याच्या घराला आग लागून सूक्ष्मदर्शक यंत्रे व हस्तलिखिते भस्मसात झाली. तरीही त्याने आपले कार्य सोडले नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने १६६९ मध्येच त्याला सदस्यत्व दिले होते. पुढे तिनेच त्याचे ग्रंथ छापले. १६९१ साली पोपने त्याला आपला वैद्य म्हणून रोमला बोलाविले. तेथेच २९ नोव्हेंबर १६९४ रोजी त्याचे निधन झाले.

मनुष्य असो, की समुद्रात राहूनही फुप्फुसांनी श्वास घेणारा डॉल्फिन असो, प्राणवायू वायुकोशांच्या पातळ भिंतींतूनच केशवाहिन्यांतील रक्तात मिसळतो. ही वाट जगाला प्रथम दिसली, ती एका क्षुद्र बेडकाच्या फुप्फुसात.