आकड्यांना रूप देणारे र. कृ. जोशी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने अक्षरांवर का लिहावे, असे काहींना वाटेल. त्याला कारण घडले. गतवर्षी या अंकाच्या मराठी विभागाची पाने मी टंकलिखित केली. छपाईच्या दुकानात ती उघडली, तो पानभर इंग्रजी अक्षरांची खिचडी! जुना फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच क्रमांकांवर मराठीचा मुखवटा चढवत असे; त्या दुकानात तो मुखवटा नव्हता. दोन रात्री जागून सर्व पुन्हा टंकले. एका वर्गभगिनीची कविता मात्र गेलीच, तिने मूळ कागद ठेवला नव्हता.

यंदा मी ‘मंगल’ घेतला, कन्नड विभागाच्या मित्राने ‘तुंगा’. दोन्हींमागे एकच नाव निघाले.

रघुनाथ कृष्ण जोशी १९३६ साली जन्मले. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिक्षण, मग जाहिरातक्षेत्रात नोकरी, १९८३ ते १९९६ पवईच्या आय. आय. टी. त अध्यापन. ते कवी होते, सुलेखनकार होते. माणसे विसाव्याचा विचार करतात त्या साठीनंतर ते मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात संगणकाची अक्षरे घडवीत बसले.

संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. युनिकोडमध्ये मराठी ‘ळ’ २३५५, कन्नड ‘ळ’ ३२५१; फरक ८९६. मी वही घेऊन ‘क’, ‘म’, ‘र’ तपासले, फरक तोच! आपल्या लिपींचा वर्णक्रम एक, म्हणून ‘इस्की’ या भारतीय मानकाने त्या एकाच मांडणीत बसविल्या. युनिकोडने तीच मांडणी घेतली.

पण क्रमांक म्हणजे खतावणीतला पान क्रमांक, माणूस नव्हे. ‘क्ष’ साठवला जातो तो क, हलंत, ष अशा तीन क्रमांकांनी. ‘कि’मधली वेलांटी क्रमांकांत ‘क’नंतर येते, दिसते आधी. कन्नड ‘अम्मा’त दुसरा ‘म’ ओत्तक्षर होऊन खाली लोंबतो. हे जुळवायचे काम फॉन्टचे. जोशींनी सहकाऱ्यांसह ते केले. ‘मंगल’ विंडोज २००० बरोबर आला, ‘तुंगा’ विंडोज एक्सपीबरोबर २००१ मध्ये. छापील पानावर ‘मंगल’ मला थोडा रुक्ष वाटतो, हेही सांगून टाकतो.

फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकेत त्यांचे निधन झाले. तेव्हा मी तीन वर्षांचा होतो, अजून पाटीसुद्धा हाती आली नव्हती.

त्या वर्गभगिनीने यंदा दुसरी कविता दिली आहे. ‘मंगल’मध्ये टंकली आहे; मूळ कागदही मी जपून ठेवला आहे.