मेणबत्तीवाल्यांचा अर्ज लिहिणारा शेतकरी

सरकारने बाजारात हात घालू नये आणि आपल्या खर्चाला लगाम लावावा, असे सांगणाऱ्यांत फ्रान्सच्या फ्रेडरिक बास्तियाचे नाव आधी येते. हा गडी मुळात जमीनदार शेतकरी, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही.

जन्म १८०१ चा, बायोन या बंदरगावचा. नवव्या वर्षापर्यंत आईबाप दोघेही गेले. आजोबा-आत्याने वाढवले. १८२५ साली आजोबा वारले नि म्युग्रों गावची जमीन याच्याकडे आली. ती कुळे बटाईने कसत. बास्तियाने सुधारित शेतीचा घाट घातला, पण कुळे जुनी वहिवाट सोडीनात. (आम्हा कृषी खात्यातल्या लोकांना ही गोष्ट नवी नाही!) प्रयोग बारगळला. १८३१ पासून गावातच लहान दाव्यांचा न्यायाधीश झाला. उरलेल्या वेळात वाचन.

मुलूख द्राक्षांचा. वाईनवर सरकारी कर होताच. त्यात परदेशी लोखंड-कापडावर फ्रान्सची जबर जकात. आपण त्यांचा माल घेत नाही तर ते आपली वाईन कशाने घेणार? संरक्षण कारखानदाराला, भुर्दंड द्राक्षवाल्याला. बास्तियाचा सगळा विचार या हिशेबातून वाढला.

१८४५ मध्ये त्याने मेणबत्तीवाल्यांच्या नावाने एक थट्टेचा अर्ज लिहिला. सूर्य फुकट उजेड देऊन आमचा धंदा बुडवतो, तेव्हा सगळ्या खिडक्या बंद करण्याचा कायदा करा, अशी मागणी. त्यात शेतकऱ्यालाही आमिष आहे बरं का: चरबी लागेल म्हणून गुरे-मेंढ्या वाढतील, तेल लागेल म्हणून तेलबिया खपतील. धान्यावर जकात मागणाऱ्या आपल्याच जातभाईंनाही त्याने सोडले नाही.

१८४८ च्या क्रांतीनंतर तो लोकसभेवर निवडून आला, अर्थसमितीचा उपाध्यक्ष झाला. बेकारांसाठी काढलेल्या सरकारी कार्यशाळांना त्याचा विरोध. सरकारने दिलेले काम दिसते, पण करापोटी ज्याचा पैसा गेला त्याची राहून गेलेली खरेदी दिसत नाही, हे त्याचे म्हणणे. तरी १८४९ मध्ये कामगारांच्या संघटनेवरची बंदी उठवा म्हणून तोच उभा राहिला.

भाव कोसळला तर हातावर पोट असलेल्याने तोवर काय खावे, याला त्याचे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. पण कराचा पैसा कुणाच्या खिशातून गेला हे विचारायला त्याने शिकवले, हे खरे.

घशाच्या दुखण्याने शेवटी आवाजही गेला. २४ डिसेंबर १८५० रोजी तो रोममध्ये वारला, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी.