मनाच्या शास्त्राला प्रयोगशाळा देणारे विल्हेम वुंट

मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकात दोन विद्यार्थी समोरासमोर बसतात. एक प्रयोगकर्ता, दुसरा प्रयुक्त. काही वेळाने भूमिका बदलतात. तांदळाच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या तुमसरसारख्या शहरातून या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यालाही हीच पद्धत शिकावी लागते. तिचे मूळ मात्र जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठाच्या एका जुन्या इमारतीत आहे. ही परंपरा रुजविणारे प्राध्यापक म्हणजे विल्हेम वुंट.

वुंट यांचा जन्म १६ ऑगस्ट १८३२ रोजी मानहाइमजवळील नेकाराउ येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. एकलकोंडा आणि दिवास्वप्नांत रमणारा हा मुलगा शाळेत एकदा नापासही झाला होता. पुढे त्यांनी वैद्यकशास्त्राची पदवी घेतली आणि १८५८ पासून हायडेलबर्ग येथे हेल्महोल्ट्झ या ख्यातनाम शास्त्रज्ञाचे सहायक म्हणून काम केले. शरीराच्या क्रिया मोजता येतात, मग संवेदना आणि अवधान का मोजता येऊ नयेत, हा प्रश्न त्यांना पडला. मन हा तोवर तत्त्वज्ञांच्या चिंतनाचा विषय मानला जात होता. १८७४ मध्ये त्यांचा शरीरक्रियात्मक मानसशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध होऊन पूर्ण झाला आणि पुढच्याच वर्षी ते लाइपझिगला तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले.

तेथे उपकरणे ठेवण्यासाठी विद्यापीठाने त्यांना एक खोली दिली. गरीब विद्यार्थ्यांच्या भोजनगृहाची ती इमारत होती. १८७९ मध्ये याच जागेत विद्यार्थ्यांचे संशोधन सुरू झाले आणि जगातील पहिली मानसशास्त्रीय प्रयोगशाळा म्हणून तिची नोंद झाली. विद्यापीठाची अधिकृत मान्यता मात्र लगेच मिळाली नाही. १८८३ मध्ये ब्रेस्लाउ विद्यापीठाने वुंट यांना निमंत्रण दिले. ते निघून जातील या चिंतेने लाइपझिगने प्रयोगशाळेला मान्यता आणि निधी दिला.

वुंट यांची अध्यापनपद्धती शिस्तीची होती. सत्राच्या आरंभी विद्यार्थी रांगेत उभे राहत. वुंट संशोधनविषयांची यादी वाचून एकेकाला एकेक विषय सोपवीत. मॅक्स फ्रीडरिश या विद्यार्थ्याने साधी वा गुंतागुंतीची गोष्ट समोर आल्यावर ती ध्यानात येण्यास किती वेळ लागतो, हे मोजले. सेकंदाचा हजारावा भाग दाखविणारे हिप यांचे कालमापक त्यासाठी वापरले जाई. विद्यार्थी एकमेकांचे प्रयुक्त होत आणि खुद्द प्राध्यापकही विद्यार्थ्याच्या यंत्रासमोर बसत. स्वतः प्रयुक्त झाल्याखेरीज दुसऱ्याच्या मनाविषयी निष्कर्ष काढू नये, हा संस्कार येथे नकळत होत असे.

सुमारे ४५ वर्षांत वुंट यांच्या मार्गदर्शनाखाली १८६ प्रबंध पूर्ण झाले. त्यांतील ११६ मानसशास्त्रीय विषयांवर होते. कॅटेल आणि टिचनर यांनी ही पद्धत अमेरिकेत नेली. ह्यूगो म्युन्स्टरबर्ग हार्वर्डला गेले. त्यांचे शिष्य नरेंद्रनाथ सेनगुप्ता यांनी कोलकाता विद्यापीठात भारतातील पहिल्या मानसशास्त्रीय प्रयोगशाळेची धुरा सांभाळली. १९१६ मध्ये तेथे प्रायोगिक मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला.

या पद्धतीला मर्यादाही होत्या. सराव झालेल्या प्रयुक्तावरच ती विसंबून असल्याने बालके आणि मनोरुग्ण तिच्या कक्षेबाहेर राहिले. भाषा, पुराणकथा, रूढी यांसारख्या गोष्टी प्रयोगशाळेत मावणार नाहीत, हे वुंट स्वतः जाणून होते. त्यांसाठी त्यांनी १९०० पासून दहा खंडांचा लोकमानसशास्त्राचा ग्रंथ लिहिला. महायुद्धाच्या काळात, १९१४ मध्ये, जर्मनीच्या समर्थनार्थ निघालेल्या ९३ विद्वानांच्या जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली होती. त्यामुळे परदेशांतील त्यांची प्रतिमा डागाळली. ३१ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे निधन झाले.

वुंट यांची प्रयोगशाळा १९४३ मधील बॉम्बहल्ल्यात नष्ट झाली. तिची रीत मात्र महाविद्यालयांच्या प्रात्यक्षिकांत शिल्लक आहे. मागच्या वर्षीची प्रात्यक्षिक वही उतरवून काढली, तर गुण मिळतीलही. परंतु आपलेच अवधान किती चटकन ढळते, आपली स्मृती कुठे दगा देते, याचा अनुभव त्या उतरविलेल्या आकड्यांतून येत नाही. उद्या समुपदेशक किंवा शिक्षक म्हणून दुसऱ्याच्या मनाशी ज्यांची गाठ पडणार आहे, त्यांच्यासाठी हे नुकसान गुणांहून मोठे आहे.