फॅरेडे यांचा राहून गेलेला प्रयोग

नोव्हेंबर १८४५. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील प्रयोगशाळेत मायकल फॅरेडे शक्तिशाली विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये काच, लाकूड, मांस, सफरचंद असे नाना पदार्थ टांगून पाहत होते. सुकवलेले रक्तही त्यांनी तपासले. रक्तात लोह असूनही चुंबक त्याला ओढून घेत नव्हता. ताजे, द्रवरूप रक्त तपासायला हवे, अशी नोंद त्यांनी रोजनिशीत केली. रोहिणीतील व नीलेतील रक्ताची तुलना मात्र त्यांच्या हातून कधीच झाली नाही.

२२ सप्टेंबर १७९१ रोजी एका लोहाराच्या घरी जन्मलेल्या फॅरेडे यांचे शिक्षण जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरते झाले. चौदाव्या वर्षी ते पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करू लागले आणि बांधणीसाठी आलेली पुस्तके वाचूनच विज्ञान शिकले. १८१२ मध्ये त्यांनी सर हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली आणि त्यांची टिपणे स्वतः बांधून डेव्हींकडे पाठविली. पुढील वर्षी त्यांना तेथेच मदतनिसाची जागा मिळाली. वीजनिर्मितीचा पाया ठरलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन त्यांनी १८३१ मध्ये शोधले. गणितात गती नसलेल्या माणसाची ही झेप! सरदारकी आणि रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद, दोन्ही त्यांनी नाकारले. उतारवयात स्मृतीने साथ सोडली. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथे त्यांचे निधन झाले.

राहून गेलेली ती तुलना १९३६ मध्ये अमेरिकेत लायनस पॉलिंग व चार्ल्स कॉरिएल यांनी केली. प्राणवायू सोडलेल्या हिमोग्लोबिनला चुंबक ओढतो, प्राणवायूयुक्त हिमोग्लोबिनला नाही, असे त्यांना आढळले. याच फरकाचा उपयोग करून सेजी ओगावा यांनी १९९० मध्ये उंदरांच्या मेंदूतील रक्ताचे प्राणवायूमान एमआरआय चित्रांत टिपले.

हृदयाच्या बाबतीत हे तत्त्व विशेष मोलाचे आहे. हृदयाचा स्नायू विश्रांतीतही रक्तातील सुमारे ७० टक्के प्राणवायू शोषून घेतो. औषधाने रक्तवाहिन्या रुंदावल्या, की निरोगी भागात ताज्या रक्ताचा ओघ वाढतो आणि चित्रात तो भाग उजळतो. ज्या भागाची रक्तवाहिनी अरुंद झाली आहे, तो फारसा उजळत नाही. त्यासाठी ना किरणोत्सर्गी द्रव्य लागते, ना मूत्रपिंडाच्या रुग्णांना काळजीचे ठरणारे गॅडोलिनियमचे इंजेक्शन. रुग्णाचे स्वतःचे रक्तच खुणेचे काम करते. अडचण आहे ती धडधडत्या हृदयाची आणि श्वासागणिक हलणाऱ्या छातीची. मुळातच क्षीण असलेला संकेत त्यात हरवतो. त्यामुळे ही तपासणी अद्याप मुख्यतः संशोधन केंद्रांपुरतीच मर्यादित आहे.